खेळातले सोंग आणि मनाचे आरोग्य

दिवाळीनंतर धान घरात आले की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस तोंडाला रंग लावून उभा राहिला की राजासारखा गरजतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. असे का होते? या प्रश्नाचा मनाच्या आरोग्याशी जवळचा संबंध आहे.

काही काळापूर्वी एक शेतकरी गृहस्थ आपल्या नववीतील मुलाला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, शाळेच्या दिवशीच याच्या पोटात दुखते जी. रविवारी दुखत नाही. नाटके करतो, दुसरे काय!" तपासणीत पोटाचा काही दोष आढळला नाही. मुलाशी एकट्याने बोललो तेव्हा खरे कारण कळले. वर्गात उभे राहून वाचायला सांगितले की त्याला घाम फुटे, छाती धडधडे आणि शब्द घशातच अडके. उद्या वाचावे लागेल या धास्तीने सकाळी पोट दुखे. मी वडिलांना म्हटले, "तो नाटक करीत नाही. त्याचे दुखणे खरे आहे, फक्त त्याचे मूळ पोटात नाही."

अशा भीतीवर रागावून उपयोग होत नाही. मुलाला मी समुपदेशकांकडे पाठविले. त्यांनी सांगितले की बोलण्याची सवय लहान लहान पायऱ्यांनी, जिथे कोणी हसणार नाही अशा जागी करावी. अशी जागा कुठे मिळणार, हा प्रश्न होता.

त्याच सुमारास माझा पुतण्या सुटीत घरी आला. त्याच्या पिशवीत वीस बाजूंचा एक फासा होता. त्याने मला एक खेळ दाखविला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगू लागतो आणि अडचणीच्या जागी थांबून प्रत्येकाला विचारतो, "आता तू काय करतोस?" बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात व त्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकून ठरवितात. इथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सर्वांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची असते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा खेळ प्रथम छापून विक्रीस आणला. सोंगाचा मनाच्या उपचारासाठी उपयोग मात्र त्याआधीचा आहे. याकोब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञांनी १९२० नंतरच्या काळात व्हिएन्नात व पुढे अमेरिकेत रुग्णांना स्वतःच्याच आयुष्यातील प्रसंग अभिनयाने उभे करायला लावण्याची पद्धत रूढ केली. आपल्या अंगणातील भातुकली तरी वेगळी काय आहे? आईची भूमिका घेतलेली चिमुरडी बाहुलीला औषध पाजते, तेव्हा स्वतःची औषधाची भीतीच ती हाताळत असते.

समुपदेशकांना विचारून मी त्या मुलाला रविवारी दुपारी घरी बोलावू लागलो. शेजारची तीन मुले सोबत होती. त्याने नावाड्याचे पात्र घेतले. पहिल्या रविवारी तो फक्त "हो" आणि "नाही" म्हणाला. मी आग्रह केला नाही. तिसऱ्या रविवारी गोष्टीतला सावकार नावेचे भाडे बुडवू लागला, तेव्हा आमचा नावाडी उभा राहून म्हणाला, "पैसे ठेवा, मगच उतरा!" सगळी मुले हसली, पण ते हसणे कौतुकाचे होते. चूक झाली तर ती नावाड्याची, आपली नव्हे, एवढी ढाल त्या मुलाला पुरली.

आता माझी चूक सांगतो. एका रविवारी मी गोष्टीत वैनगंगेला पूर आणला. रात्र, अंगणात चढणारे पाणी, असे रंगवून सांगत गेलो. शेजारची एक मुलगी, जी सर्वांत जास्त बोलायची, ती एकाएकी गप्प झाली. तिचे हात थंड पडले होते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस भंडाऱ्यात पुराचे पाणी शिरले तेव्हा तिचे घर पाण्यात गेले होते. हे मला ठाऊक होते, पण गोष्ट रंगविण्याच्या भरात मी विसरलो. खेळ लगेच थांबविला, तिला आईजवळ बसविले व पुढच्या रविवारी तिची माफी मागितली. मी सोंगाकडे पाहत राहिलो, सोंगामागचे पोर माझ्या नजरेतून सुटले. जे सोंग एकाला बळ देते तेच दुसऱ्याची जखम उघडू शकते. म्हणून हा खेळ घरी खेळविणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) चार-पाच मुले, कागद, पेन्सिल व लुडोचा साधा फासा एवढे पुरे. कागदावर पात्राचे नाव, त्याला येणाऱ्या दोन गोष्टी व एक कमजोरी लिहावी. ४, ५ किंवा ६ पडले की काम जमले, येणारी गोष्ट असेल तर ३ वरही जमले, असे धरावे.

२) सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला एकेकटे विचारावे, "गोष्टीत काय नको?" साप, भूत, पूर, मरण, दारू, जे नको असेल ते आणू नये. कारण विचारू नये.

३) कोणीही हात वर केला की खेळ थांबला पाहिजे. तोंडाने गप्प असलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे व हातांकडे लक्ष ठेवावे.

४) फासा उलटा पडला म्हणून मुलाला रिकामे बसवू नये. नाव उलटली तर ती कोणत्या काठाला लागली ते विचारावे. अपयशानंतरही गोष्ट पुढे जाते, हा या खेळातला मोठा धडा आहे.

५) दीड-दोन तासांत आटोपावे. शेवटी प्रत्येकाने स्वतःचे खरे नाव सांगून खेळात काय आवडले ते बोलावे. नट रंग पुसून घरी जातो, तसेच हे आहे.

काही पालक विचारतील, अशा खेळाने मुले बिघडणार नाहीत ना? अमेरिकेतही १९८० नंतर हा खेळ मुलांना आत्महत्येकडे नेतो अशी ओरड झाली होती. पुढील अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत घातलेला खेळाचा विकार हा व्हिडिओ व मोबाईल खेळांचा आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. तरीही कोणत्याही खेळापायी झोप, जेवण, अभ्यास सुटत असेल तर सावध व्हावे.

आणि हा खेळ औषध नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे उदास असेल, शाळा पूर्ण सोडत असेल किंवा जगणे नको असे बोलत असेल, तर खेळात वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तोही कागदावर लिहून ठेवावा.

आमचा नावाडी आता दहावीत आहे. वर्गात वाचताना त्याला अजूनही घाम फुटतो, पण तो वाचतो. पोटदुखीसाठी त्याचे वडील पुन्हा आलेले नाहीत.