सीमा बंद, वाहिनी चालू

विद्यार्थी मित्रांनो, 'मगरिब' हा शब्द तुम्हाला उर्दूतून माहीत आहे. त्याचा अर्थ पश्चिम. उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागालाही मगरिब म्हणतात. अल्जीरिया आणि मोरोक्को हे तेथील दोन शेजारी देश. उर्दूत तुम्ही त्यांना अल-जझाइर आणि मराकश म्हणता.

अल्जीरियाच्या वाळवंटात हासी रमेल येथे जमिनीखाली नैसर्गिक वायूचा मोठा साठा आहे. हा वायू स्पेनला हवा होता; परंतु वाटेत मोरोक्को देश आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी होती. तेव्हा देशादेशांत करार झाले, पोलादी नळांची वाहिनी घालण्यात आली आणि १९९६ साली वायू वाहू लागला. लांबच्या प्रवासात वायूचा दाब कमी होतो, म्हणून वाटेत दाब वाढवणारी केंद्रे असतात. वाट दिल्याबद्दल मोरोक्कोला मोबदला मिळे. या वायूवर तेथे वीजही तयार होई.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या दोन शेजाऱ्यांमधील जमिनीवरची सीमा १९९४ सालीच बंद झाली होती. माणसांना रस्त्याने पलीकडे जाता येत नव्हते, वायू मात्र जात होता! चाळीतील सामाईक नळ आठवा. दोन कुटुंबांत बोलचाल नसली, तरी पाण्याची वेळ दोघेही पाळतात. तसेच हे होते. गरज दोघांचीही होती. म्हणून २५ वर्षे दोघांनी शब्द पाळला.

पुढे भांडण वाढले. पश्चिम सहाराचा प्रश्न हे त्याचे एक मोठे कारण. ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोशी संबंध तोडले. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी कराराची मुदत संपली. नवा करार झाला नाही. नळ शाबूत होते, जमिनीखाली वायूही होता. पण प्रवाह थांबला. स्पेनला समुद्राखालून थेट जाणारी दुसरी वाहिनी २०११ पासून होती. मोरोक्कोला तशी सोय नव्हती. जून २०२२ पासून त्याच जुन्या वाहिनीतून वायू उलट दिशेने, स्पेनकडून मोरोक्कोकडे येऊ लागला. तो दूरदेशांहून जहाजाने स्पेनमध्ये आणलेला वायू होता. शेजारचा वायू शेजारीच राहिला.

मुलांनो, वाहिनी पोलादाची असते, पण ती चालते करारावर. आणि करार टिकतो भरवशावर.

स्वाध्याय
१. सीमा बंद असूनही वायू का वाहत राहिला?
२. प्रवाह थांबल्यावर मोरोक्कोला कोणती अडचण आली?
३. 'शब्द पाळणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.