फेब्रुवारीच्या तक्त्यापलीकडे

चि. मृणालस,


अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. त्यात शाळेसाठी एक रंगीत तक्ता करून दिला की संपलं, हे तुला पटत नाही, म्हणून हा इतिहास मुलांना घरी कसा सांगावा असं तू विचारलंस. फार बरं वाटलं. जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अवघड गोष्ट सांगते. तुमच्याकडे आपली मंडळी जेवायला जमतात तेव्हा ‘त्या वस्तीतून गाडी नेऊ नका’, ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ अशी वाक्यं सहज निघतात. आपण मराठीत बोलतो, बाहेर कुणाला कळणार, असं मोठ्यांना वाटतं. पण मुलांना मराठी कळतं. तिथल्या तिथे, मुलांच्या देखत, बोलणाऱ्याला थांबवायचं. कुणी रागावलं तर रागावू दे. एवढं जमलं नाही, तर पुढे लिहिलेलं काहीही करू नकोस. त्याचा उपयोग होणार नाही.

धाकटी सहा वर्षांची आहे. तिच्यापुढे एकदम बेड्या आणि चाबूक आणू नकोस. कृष्णवर्णीय माणसं म्हणजे फक्त अन्याय सोसणारी, असं चित्र एकदा मनात बसलं की पुसत नाही. त्यांनी काय उभं केलं, तिथून सुरुवात कर. माँटगोमेरी शहरातला बस-बहिष्कार मला यासाठी सगळ्यात योग्य वाटतो. दमलेली एक बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही, एवढीच गोष्ट मुलांना सांगतात. रोझा पार्क्स वर्षानुवर्षं तिथल्या नागरी हक्कांच्या संघटनेचं चिटणीसपद सांभाळत होत्या. १ डिसेंबर १९५५ ला त्या बसून राहिल्या त्यामागे ते सगळं काम होतं. त्याआधी नऊ महिने क्लॉडेट कोल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला याच कारणासाठी अटक झाली होती. थोरल्याला तिच्याबद्दल जरूर सांग, वयाने ती त्याला जवळची वाटेल.

रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसने जाणंच सोडलं. हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. म्हणून एका शनिवारी गाडीच्या किल्ल्या कपाटात ठेवा आणि भाजी, वाचनालय, मित्राचं घर, सगळं चालत करा. न्यू जर्सीत ते किती गैरसोयीचं आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगते. पाय दुखायला लागले की मुलं आपणहून विचारतील, ही माणसं वर्षभर कामावर कशी जात होती? मग सांग की अनेकजण चालत जात, आणि बाकीच्यांसाठी खासगी गाड्यांची चोख व्यवस्था लावलेली होती. त्या गाड्यांना पेट्रोल लागे. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने बायकांचा एक गट जमवला. त्या घरी जेवण, केक, पाई करून विकत आणि पैसे चळवळीला देत. पैसे कुठून आले ते कुणालाही सांगता येऊ नये, म्हणून गटाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. संध्याकाळी मुलांना घेऊन एक केक कर, शेजारी विक, आणि पैसे कुठल्या कामाला द्यायचे ते मुलांनाच ठरवू दे.

मग एक दिवस न्यूयॉर्कसाठी राखून ठेव. कोलंबिया विद्यापीठापासून सुरुवात कर, कारण १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकायला आले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांच्या प्रश्नावरही तसाच अर्ज करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. दुबॉईसनी आपुलकीने उत्तर दिलं. तिथून हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतल्या शोमबर्ग सेंटरपर्यंत चालत जाता येतं. पोर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शोमबर्ग यांनी कृष्णवर्णीयांची पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं हौसेने गोळा केली. १९२६ मध्ये तो संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाकडे आला. तिथल्या एका दालनात जमिनीवर नद्यांची नक्षी आहे आणि तिच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांची रक्षा आहे. मुलांना तिथे घाई करू नकोस. जेवायला हार्लेममध्येच थांबा, बरोबर डबा नेऊ नका.

गुलामगिरीबद्दल थोरला विचारेलच. तेव्हा काही झाकू नकोस, आणि ‘ते दक्षिणेत होतं’ असं म्हणून सुटका करून घेऊ नकोस. तुमच्या न्यू जर्सीने १८०४ मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला खरा, पण ती पूर्ण संपली १८६५ च्या घटनादुरुस्तीनेच. उत्तरेतल्या राज्यांत सगळ्यात शेवटी. एक मात्र पाळ: गुलामांच्या बाजाराचं नाटक किंवा खेळ मुलांकडून कधीही करवून घेऊ नकोस, शाळेत झालं तरी हरकत घे. तो खेळ होऊच शकत नाही.

कधीतरी धाकटी विचारेल, आपण तर भारतातले, मग आपल्याला याचं काय? १९६५ पर्यंत भारतातून अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला साधारण शंभर जणांनाच परवानगी होती. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने देशाची हवा बदलली आणि त्याच वर्षी वंश व देश पाहून माणसं मोजणारी ती पद्धत कायद्याने गेली. तुमचं तिथलं घर त्या लढ्याच्या ऋणात आहे, असं तिला सरळ सांग.

तुझ्या सासूबाई मार्चमध्ये येणार आहेत, त्यांच्याबरोबर जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची प्रत पाठवते. १८७३ मधलं हे पुस्तक त्यांनी, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं आहे. अर्पणपत्रिका मुळात इंग्रजीतच असल्याने थोरला ती स्वतः वाचू शकेल. पुढचं मराठी तू त्याला थोडं थोडं वाचून दाखव, आणि कुठे अडलीस तर रविवारी फोन कर.

तुझी,
मावशी