दुर्बिणीतून गुडघा : कापणार की शिवणार?



गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीत क्रिकेट खेळताना वळून धावलो आणि उजव्या गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. पाय वाकलेला राहिला तो सरळच होईना. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकल्याचे एमआरआयमध्ये दिसले. "दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन छिद्रं, त्याच दिवशी घरी," एवढे ऐकून मी बॉसला "सोमवारी येतो" सांगून मोकळा झालो. प्रत्यक्षात सहा आठवडे गाडी चालवता आली नाही. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. पण जे आधी विचारायला हवे होते ते इथे लिहितो.

या शस्त्रक्रियेत साधारण ४ मिलिमीटर जाडीची, कॅमेरा जोडलेली नळी एका छिद्रातून आत जाते आणि दुसऱ्यातून हत्यारे. सलाइन सोडून सांधा फुगवतात. १९१८ साली तोक्योत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने शवाच्या गुडघ्यात डोकावून पाहिले. १९६२ मध्ये मासाकी वातानाबे यांनी फाटलेल्या गादीचा तुकडा याच मार्गाने काढला.

बाहेरची छिद्रे तेवढीच असली तरी आत काय केले यावर सगळे अवलंबून असते. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथले टाके जुळून येतात. आतल्या भागाला तो नसतो, म्हणून तिथला फाटका तुकडा बहुधा कापून टाकतात. कापले तर माणूस लगेच पायावर भार देतो आणि आठवड्याभरात खुर्चीतले काम करू लागतो. शिवले तर कुबड्या, पट्टा, चार ते सहा आठवडे बंधने आणि खेळायला चार-सहा महिने. उकिडवे बसणेही बरेच दिवस बंद. तरीही शक्य असेल तिथे शिवतात, कारण गादी गेली की हाडांवरच्या कुर्चेवर ताण वाढून पुढे संधिवात लवकर येतो. अनेकदा हा निर्णय आत पाहिल्यावरच होतो. तेव्हा रजा लांबच्या मुदतीची धरूनच ठेवा. १९९३ च्या कायद्याने पात्र कर्मचाऱ्याला १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते.

आता पैशाचे. सर्जन, सर्जरी सेंटर, भूल देणारे आणि फिजिओथेरपी यांची बिले वेगवेगळी येतात. नेटवर्कमधल्या सेंटरमध्ये भूल देणारे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे निघाले, तर २०२२ पासून त्यांना साधारणपणे जादा बिल लावता येत नाही. डिसेंबरात ऑपरेशन केले आणि पॉलिसी जानेवारीत नवी होत असेल, तर फिजिओथेरपीसाठी डिडक्टिबल पुन्हा भरावे लागते! वर्षाला किती भेटींचे पैसे मिळतात तेही आधी विचारा.

आई-बाबांची गोष्ट वेगळी. वयाने झिजलेली गादी एमआरआयमध्ये फाटलेली दिसतेच. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांपैकी काहींची गादी कापली, काहींवर नुसते ऑपरेशनचे नाटक केले. वर्षाअखेर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता (२०१३). माझ्या आईलाही तिकडे हेच ऑपरेशन सुचवले होते. आम्ही आधी तीन महिने व्यायाम करून पाहायचे ठरवले, आणि ती आता जिना चढते. खरोखर अडकलेला गुडघा मात्र लगेच दाखवावा. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुने दुखणे सहसा बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

ऑपरेशननंतर ताप आला किंवा जखमेतून पू येऊ लागला तर सर्जनला फोन करा. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा, गुठळी असू शकते. छातीत दुखले वा धाप लागली तर थेट ९११.