परड्यातला एरंड

(थोड्याच महिन्यांत घराएवढे उंच होणारे एक झाड या पाठात तुम्हांला भेटेल. ते लावावे कसे आणि त्याच्या बियांपासून घरातल्या लहानांना जपावे कसे, हे लेखिकेने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

मुलांनो, एरंड तुम्ही नक्की पाहिला असेल. रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी, पडक्या भिंतीजवळ तो आपोआप उगवतो. उर्दूत आपण त्याला अरंड किंवा अरंडी म्हणतो. फारसीत त्याचे एक नाव 'बेद अंजीर' असे आहे. मराठीत झाडाला एरंड आणि त्याच्या तेलाला एरंडेल म्हणतात. पोट साफ होण्यासाठी घरातल्या मोठ्या माणसांनी हे तेल कधी पाजले असेल, तर त्याची चव तुम्ही विसरला नसाल!

एवढे ओळखीचे झाड, पण ते हौसेने लावणारे फार थोडे. मराठीत एक म्हण आहे, 'ओसाड गावी एरंड बळी'. जिथे दुसरे झाडच नाही, तिथे एरंडालाच मोठे म्हणायचे. 'एरंडाचे गुऱ्हाळ' असाही एक वाक्प्रचार आहे. कोल्हापूरच्या मुलांना गुऱ्हाळ सांगायला नको. उसाचा रस निघतो, काहिलीत उकळतो आणि त्याचा गूळ होतो. पण उसाच्या जागी एरंड घातला तर काय मिळणार? म्हणून, ज्यातून काहीच निघत नाही अशा लांबलचक बोलण्याला एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात. म्हणी करणाऱ्यांनी या झाडावर थोडा अन्यायच केला आहे, असे मला वाटते.

आमच्या दादीला मात्र एरंडाचे भारी कौतुक होते. तिचे माहेर सांगलीकडचे. तिकडे हळदीच्या शेतात सावलीसाठी एरंड लावत. कोल्हापूरला आमच्या घरामागे लहानसे परडे होते. परडे म्हणजे घरामागची मोकळी जागा. त्यात एक शेवग्याचे झाड, पुदिन्याचा वाफा आणि बकऱ्यांचा गोठा होता. मी आठवीत असताना दादीने तिथे एरंड लावला. ती म्हणाली, "बेटा, हे झाड कौलांच्या वर गेलेले तुला दाखवते."

मला ते खरे वाटले नाही. पण दादीची पद्धत पक्की होती. मे महिन्याच्या शेवटी तिने हातभर खोल खड्डा खणून घेतला. भिंतीपासून तो चांगला पाच फूट लांब होता. खड्ड्यात दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि वरची काळी माती मिसळली. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर रात्रभर पाण्यात भिजवलेल्या तीन बिया तिने दीड इंच खोल लावल्या. दहा-बारा दिवसांत तिन्ही उगवल्या. रोपे वीतभर झाल्यावर तिने सर्वांत जोमदार रोप ठेवले आणि बाकीची दोन उपटून टाकली. मला वाईट वाटले. ती म्हणाली, "एका ताटात तिघे जेवले, तर एकाचेही पोट भरत नाही."

एरंड मोठा करायचा असेल तर त्याला तीन गोष्टी लागतात : दिवसभर ऊन, भरपूर खत आणि पाण्याचा निचरा. सावलीत तो लांबोडका आणि किडकिडीत होतो. मुळाशी पाणी साचले तर मुळे कुजतात. कोल्हापूरच्या पावसात हे सांभाळावे लागते. त्यासाठी दादीने बुंध्याभोवती मातीचा उंच ढीग केला होता. आणखी एक गोष्ट. एरंडाचे खोड आतून पोकळ असते. झाड भराभर वाढते खरे, पण मोठ्या वाऱ्यात मोडूनही पडते. म्हणून दादीने शेजारी बांबू रोवला आणि झाड त्याला सैल बांधले. सुतळी घट्ट बांधली तर जाड होणाऱ्या खोडात ती रुतते.

दर शुक्रवारी मी पट्टी घेऊन पान मोजत असे. पंजासारखे पान, त्याला सात ते नऊ बोटे! ऑगस्टमध्ये पान माझ्या पट्टीत मावेना. दोन फूट रुंदीचे पान मी तेव्हा प्रथमच पाहिले. मग झाडाच्या शेंड्यावर फुलांचा तुरा आला. या तुऱ्यात खाली पिवळसर नरफुले असतात आणि वर लाल तुरे असलेली मादीफुले. दोन्ही एकाच दांड्यावर. पुढे मादीफुलांची काटेरी बोंडे होतात. प्रत्येक बोंडात तीन बिया असतात. बोंड वाळले की तडकते आणि बिया दूर उडतात. दुपारच्या शांततेत हा आवाज घरात ऐकू येतो.

आणि बी किती सुंदर! गुळगुळीत, चकचकीत, तपकिरी नक्षीचे. बकरीच्या अंगावर गोचीड पाहिली आहे ना? हुबेहूब तशीच दिसते. लॅटिन भाषेत गोचिडीला 'रिसिनस' म्हणतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी या झाडाचे नाव 'रिसिनस कम्युनिस' ठेवले.

आम्ही गल्लीतल्या मुली या बिया वेचून त्यांनी खेळत होतो. एका संध्याकाळी खेळ टाकून आम्ही घरात गेलो. परत आले तेव्हा माझा चार वर्षांचा भाऊ अंगणात बसला होता आणि काहीतरी चावत होता. मी त्याचे तोंड उघडले. जिभेवर फुटलेल्या बीचे पांढरे तुकडे होते.

दादीने त्याचे तोंड पाण्याने धुतले आणि जमिनीवरची एक बी अब्बांच्या खिशात टाकली. "डॉक्टरांना दाखव. काय खाल्ले ते त्यांना कळले पाहिजे." अब्बांनी त्याला स्कूटरवर घेतले आणि सरळ दवाखाना गाठला. तेव्हा तो हसत होता. रात्री मात्र त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दोन दिवस त्याला सलाईन लावले होते. ते दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. बिया मीच तिथे टाकल्या होत्या.

एरंडाच्या बीत रायसिन नावाचे जहाल विष असते. बीचे टरफल कठीण असते. बी अख्खी गिळली गेली तर कधी कधी ती तशीच बाहेर पडते. पण चावली की विष मोकळे होते. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो. म्हणून मूल बरे दिसते म्हणून घरी थांबू नये आणि घरच्या घरी उलटी करवू नये. या विषावर उतारा नाही. डॉक्टर शरीरातले पाणी सांभाळतात, म्हणून लवकर पोचणे महत्त्वाचे.

तुम्ही विचाराल, मग एरंडेल आपण पितो ते कसे? हे विष तेलात उतरत नाही. तेल काढल्यावर ते मागे पेंडीत राहते. म्हणून ही पेंड जनावरांना घालत नाहीत, शेतात खत म्हणून टाकतात. तेलाचा उपयोग मात्र मोठा आहे. पूर्वी या तेलावर दिवे जळत आणि बैलगाडीच्या आसाला त्याचे वंगण घालत. आज साबण, रंग आणि यंत्रांच्या वंगणात ते वापरतात. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते आणि भारतात गुजरातमध्ये. आसाममध्ये याची पाने एरी रेशमाच्या किड्यांना खाऊ घालतात. आपल्याकडे सोयाबीनच्या शेताभोवती एरंड लावतात. पाने खाणारी अळी आधी एरंडाकडे येते, मग तिला तिथेच गोळा करून मारता येते.

भाऊ बरा होऊन घरी आला. त्याच दिवशी अब्बांनी कुऱ्हाड काढली. दादी झाडासमोर उभी राहिली. "झाडाचे काय चुकले? बोंडे वेळेवर काढली नाहीत ही माझी चूक."

"अम्मी, पोराचा जीव गेला असता," अब्बा म्हणाले.

दादी गप्प झाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बोंडे हिरवी असतानाच तुरा कापू. एकही बी पिकू द्यायची नाही. जमले नाही, तर तू तोड."

अब्बांनी कुऱ्हाड ठेवली. बकऱ्यांचा गोठा मात्र दुसऱ्या बाजूला हलवला, कारण पानेही जनावरांना बाधतात. दर आठवड्याला मी हातांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तुरे कापत असे आणि ते खोल खड्ड्यात पुरत असे. तुरा कापल्याचा एक फायदा आम्हांला नंतर समजला. खोड तुऱ्यापाशी थांबते, तेव्हा त्याच्या खालून नव्या फांद्या फुटतात. बियांत जाणारी ताकद पानांना मिळते. ऑक्टोबरमध्ये झाड कौलांच्या वर गेले.

आज दादी नाही. मी अजून दर जूनला एक एरंड लावते. बियाणे कुलपाच्या डब्यात असते आणि किल्ली माझ्याजवळ असते. पुण्याला नोकरी करणारा भाऊ पावसाळ्यात फोनवर हमखास विचारतो, "आपा, किती झाला?" परवा मी शिडीवर चढून मोजले. अकरा फूट आणि चार इंच.

स्वाध्याय

१. दादीने तीनपैकी दोन रोपे का उपटून टाकली?
२. डॉक्टरांकडे जाताना बी बरोबर नेण्याचा काय उपयोग झाला असेल?
३. अब्बा आणि दादी यांच्यापैकी तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. 'एरंडाचे गुऱ्हाळ' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य तयार करा. याच अर्थाचा उर्दू मुहावरा शोधा.
५. तुमच्या घराजवळच्या एका झाडाचे पान दर आठवड्याला मोजा आणि महिनाभर नोंद ठेवा. झाड एरंडाचे असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या.