चेहरा पाहून निदान नको

"तोंडावर तर काही दिसत नाही, बरी आहे की!" कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत घरभेटीला गेलो की हे वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते.

चेहरा दिसला की मेंदू लगेच निकाल देतो. २००६ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी अनोळखी चेहऱ्यांचे फोटो सेकंदाचा दहावा भागच दाखवले. तेवढ्यात लोकांनी माणूस विश्वासू की नाही, ते ठरवले. जास्त वेळ दिल्यावर मत फारसे बदलले नाही, खात्री मात्र वाढली. पण खात्री म्हणजे खरेपणा नव्हे.

याच सवयीने आपण गोरी ती निरोगी, सावळी ती अशक्त असे धरतो. उलट सावळ्या चेहऱ्यावर फिकेपणा चटकन कळत नाही आणि रक्तक्षय अंगात मुरत जातो. म्हणून हे पाहा:

- खालच्या पापणीची आतली बाजू
- जीभ
- तळहात आणि नखे

ही फिकट असतील, किंवा धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पापणी लाल दिसली तरी त्रास असेल तर तपासणी कराच.

गोरेपणाच्या क्रीमने रक्त वाढत नाही. त्यात स्टेरॉइड असेल तर कातडी पातळ होते.

दवाखान्यात कुणी चेहरा-कपडे पाहून "काही नाही, जा" म्हटले, तर ठामपणे सांगा, "आधी रक्त तपासा." तो आपला हक्क आहे.