शब्दविचार : जीर्णोद्धार

देवळाच्या वर्गणीच्या पावतीवर ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. जुने पाडून नवे बांधणे म्हणजे जीर्णोद्धार, असा पुष्कळांचा समज. शब्द मात्र तसे सांगत नाही. आपण त्याची फोड करून पाहू.

‘जीर्ण’ हा ‘जॄ’ धातूपासून झाला. वय सरणे, झिजणे हा त्याचा अर्थ. म्हातारपणाला ‘जरा’ म्हणतात, तीही याच धातूची लेक. अन्न पचले म्हणजेही ते ‘जीर्ण’ झाले; न पचले तर ‘अजीर्ण’! तेव्हा जीर्ण म्हणजे टाकाऊ नव्हे, काळाने पचविलेले.

‘उद्धार’ यात ‘उद्’ उपसर्ग आणि ‘हृ’ धातू. संधीत ‘ह’चा ‘ध’ झाला. वर काढणे हा मूळ अर्थ. गाळात रुतलेली गाय वर काढायची, तर तीच गाय वर यायला हवी. तिच्या जागी दुसरी आणून बांधली, तर तो उद्धार कसला? (भांडणात आपण एकमेकांच्या वाडवडिलांचा ‘उद्धार’ करतो, ती गोष्ट निराळी!)

याचा उत्तम दाखला नाथमहाराजांचा. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. पुढे नकला होता होता पाठ बिघडले. नाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला. स्वतः एवढे समर्थ कवी. पण कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीद त्यांनी शेवटी लिहून ठेवली. धूळ झाडली, मूळ राखले.

आता आपल्या उपनगरांकडे या. घाटकोपर-मुलुंड म्हणा, अंधेरी-बोरिवली म्हणा, जुन्या इमारती पाडून मनोरे उठताहेत. त्याला म्हणतात ‘पुनर्विकास’. घरे मोडकळीस आली, ती पाडावीच लागतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आवारातल्या विठोबाचे काय, असे एका माउलींनी आम्हांला विचारले. आम्ही म्हटले, “माई, नव्या देवळात संगमरवर किती लागला ते मोजू नका. एकादशीचे भजन चालू राहिले का, जुनी टाळकरी मंडळी पुन्हा तिथे बसली का, ते पाहा.”

भिंत नवी झाली तरी चालेल, भजन तेच हवे. ते सुटले तर उरते ते नुसते बांधकाम.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!