रानाची मोजणी

मोशेने कनान देश हेरण्यास बारा माणसे पाठविली, तेव्हा जमीन सुपीक आहे की निकस, तीत झाडे आहेत की नाहीत, हेही पाहून येण्याची आज्ञा त्याने त्यांस केली होती. ती माणसे द्राक्षांचा घोस, डाळिंबे व अंजिरे नमुन्यादाखल घेऊन आली. परंतु देश एकच पाहिला असता दहा जणांनी एक सांगितले व दोघांनी दुसरे. रानाविषयी आपल्याकडे आजही असेच होते. उर्से गावच्या भोवतालच्या टेकड्या पाहून एक म्हणेल की रान ओसरले, दुसरा म्हणेल की उलट झाडी वाढली. लाकूडफाटा किती काढू द्यावा, गुरे कोठे सोडावी, जाळरेषा कोठे आखावी, हे मात्र अशाच बोलण्यावरून ठरावयाचे!

मोजणीची रीत जुनी आहे. डीट्रिख ब्रँडिस यांच्याकडे १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगूची सागवानी जंगले आली. रान अफाट, मनुष्यबळ थोडे. ते हत्तीवर बसून एका रेषेने रान ओलांडीत. घेराच्या एकेका वर्गासाठी बांबूची एकेक कांब हाती धरीत, आणि साग दिसला की त्या त्या कांबेवर चाकूने खाच पाडीत. खाचा मोजल्या म्हणजे लहानमोठे साग किती हे कळे, व किती मोठी झाडे तोडली असता मागून येणारी त्यांची जागा भरून काढतील, याचा हिशेब बसे. हेच ब्रँडिस १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. पुढे त्या खात्याने गावकऱ्यांचे हक्क आखडले, ती गोष्ट निराळी. कांबेवरील खाच ही विद्या खरी.

उर्से येथील विद्यार्थ्यास हत्ती नको. सुतळी, चार खुंट्या, शिंप्याची फीत व वही एवढे पुरे. दहा मीटर लांब व तितकाच रुंद चौरस आखावा. असे शंभर चौरस म्हणजे एक हेक्टर. चौरस कोठे पडावा हे मात्र आपल्या मनाने ठरवू नये. मन दाट सावलीकडे ओढते व उघडा कातळ टाळते. यास्तव नकाशावर जाळी आखून तिच्या घरांस अंक द्यावे, चिठ्ठ्या टाकाव्या, आणि जे घर निघेल तेथेच जावे. करवंदीची काटेरी जाळी निघाली तरी!

बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घ्यावा. घेराच्या वर्गास १२.५७ ने भागिले असता बुंध्याच्या छेदाचे क्षेत्रफळ निघते. ९० सेंटीमीटर घेराच्या एका ऐनाचा छेद सुमारे ६४५ चौरस सेंटीमीटर भरतो. ४५ सेंटीमीटरच्या दोन ऐनांचा मिळून सुमारे ३२२. एक मोठे तोडून दोन लहान उभी राहिली, तर संख्या दुप्पट होते आणि छेद निम्मा राहतो. नुसत्या संख्येवर विसंबणारा येथेच फसतो.

आमच्या मते सर्वांत मोलाची नोंद रोपांची. मोठ्या चौरसाच्या कोपऱ्यात एक मीटरचा लहान चौरस आखून त्यातील रोपे मोजावी. वर हिरड्याची थोरली झाडे आणि खाली एकही रोप नाही, असे बहुतेक चौरसांत आढळले तर ते रान भरलेले दिसले तरी निर्वंश होत चालले आहे. मग दोष कोणाचा? शेळ्यांचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्याऐवजी जोडीजोडीने चौरस घ्यावे, एकास कुंपण घालावे, दुसरा उघडा ठेवावा, आणि दोन-तीन पावसाळे दोन्हींची मोजणी करावी. कुंपणाआतही रोपे आली नाहीत तर मेंढक्यास व्यर्थ बोल लावू नये; माती वाहून गेली असेल, अथवा बी देणारी झाडेच जवळ नसतील.

झाडांची नावे शिकण्यास फादर सांतापाऊ यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील १९५३ चा ग्रंथ आहे. हे जेझुइट धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवीत. तथापि घाटमाथ्यावरून पूर्वेस येताना पाऊस झपाट्याने उतरतो. खंडाळ्याची यादी हाती घेऊन उर्से येथे तीच झाडे धुंडाळू नयेत.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने अभ्यासगट चालवून आपल्या रानाचा विचार स्वतः केला, व २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळविला. रान रोज ज्यांच्या पायाखाली असते त्यांस सोडून केलेली मोजणी अपुरीच. म्हणून मोळी आणणाऱ्या बायांस लाकूड कोठून आणता, पूर्वीपेक्षा किती लांब जावे लागते, हे विचारावे; त्यांची अनुमती असल्यास मोळी ताणकाट्यावर तोलून वजन व लाकडाची जात लिहावी. बाईचे नाव मात्र वहीत घालू नये. ती तोड उद्या बेकायदा ठरली, तर आपलीच वही तिच्याविरुद्ध पुरावा होईल.